दप्तरी गाणी

बॉब डिलनच्या उमेदवारीच्या वर्षांवर बेतलेला ‘अ कम्प्लीट अननोन’ हा चित्रपट २०२४ च्या अखेरीस पडद्यावर आला, पाठोपाठ २०२५ मध्ये १९५६ ते १९६३ या कालखंडातील त्याच्या ध्वनिमुद्रणांचा एक जाडजूड संच विक्रीस निघाला, आणि या दोहोंच्या योगाने, ज्यांच्या जन्मापूर्वीच हा गवई प्रौढ होऊन गेला होता अशा तरुण श्रोत्यांच्या कानी, एक लाकडी गिटार व मानेभोवतीच्या तारेत अडकवलेला माउथ ऑर्गन एवढ्याच साधनांवर उभा असलेला त्याचा विशीतला आवाज पुन्हा एकवार पडू लागला. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु त्या आवाजाभोवतीची एक जुनी समजूतही त्याबरोबर नव्या उत्साहाने मांडली जात आहे; ती अशी की, विजेवर चालणारी गिटार हाती येण्यापूर्वीचा, व्यापाराचा वारा न लागलेला, स्वतःच्याच समाधानासाठी गाणारा डिलन तेवढा अस्सल, आणि नंतरचा सारा विस्तार म्हणजे त्या मूळच्या निर्मळपणापासून झालेले स्खलन. या समजुतीला माझा विरोध आहे. त्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो एका व्यापारी पेढीच्या कचेरीत, नोंदणीच्या कामासाठी, लेखनिकाला स्वरलिपी उतरवून घेता यावी म्हणून गाऊन घेतलेला आहे. आणि त्याचे मोल नेमके त्याच्या या दप्तरीपणात आहे.

१९६२ च्या जुलै महिन्यात डिलनने एम. विटमार्क अँड सन्स या न्यूयॉर्कमधील जुन्या संगीतप्रकाशक पेढीशी करारनामा केला. संगीतप्रकाशकाचा व्यवसाय त्या काळी असा चाले की, गीतकाराकडून गाण्याचे हक्क लिहून घ्यायचे, त्याची स्वरलिपी तयार करायची, मग ते गाणे नामांकित गायकांच्या गळी उतरवायचे, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका खपू लागल्या की प्रत्येक प्रतीमागे ठरलेला हिस्सा वसूल करायचा. या साऱ्या खटाटोपाचा पाया म्हणजे सरकारदरबारी झालेली नोंद. अमेरिकेत तेव्हा १९०९ चा कायदा लागू होता, आणि त्या कायद्यान्वये गाणे नुसत्या ध्वनिफितीवर दाखल करून भागत नसे. वॉशिंग्टनच्या नोंदणी कचेरीला कागदावर उतरवलेले स्वर आणि शब्द हवे असत. इतकेच काय, ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र मालमत्ता मानून संरक्षण देण्याची तरतूदसुद्धा तेथील संघराज्याच्या कायद्यात १९७२ पर्यंत नव्हती. तेव्हा डिलनने नवे गाणे रचले की मॅडिसन अॅव्हेन्यूवरील त्या कचेरीत जायचे, तिथल्या लहानशा खोलीत मायक्रोफोनसमोर ते एकदा गाऊन दाखवायचे, आणि मागाहून पेढीच्या लेखनिकाने फीत पुन्हा पुन्हा ऐकून सूर व शब्द टिपून घ्यायचे, असा परिपाठ सुमारे दोन वर्षे चालला. त्याआधी, १९६२ च्या जानेवारीत, लीड्स म्युझिक या दुसऱ्या पेढीसाठी त्याने अशीच आठ गाणी गायिली होती. तिने त्याला आगाऊ दिलेली रक्कम शंभर डॉलर होती. दोन्ही पेढ्यांच्या मिळून सत्तेचाळीस फिती २०१० साली रीतसर प्रकाशित झाल्या, तोपर्यंत त्या चोरट्या प्रतींच्या रूपाने हौशी संग्राहकांच्या हाती फिरत होत्या.

या फिती ऐकताना श्रोत्याला प्रथम जाणवते ते हे की, इथे आपल्यासाठी कोणी गात नाही. ‘ब्लोइन इन द विंड’ गाताना त्याला खोकला येतो आणि तो तसाच पुढे जातो. ‘लेट मी डाय इन माय फुटस्टेप्स’ मध्यावर आले असता तो थांबतो आणि गाणे फारच लांबले, आता किती गात बसायचे, अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटतो. एखादे गाणे तुकड्यावरच सोडून दिलेले आहे. रंगमंचावर हे कोणी खपवून घेतले नसते आणि ध्वनिमुद्रिकेच्या निर्मात्याने तर ती फीत केव्हाच पुसून टाकली असती. पण लेखनिकाला खोकल्याशी कर्तव्य नव्हते, त्याला शब्द नीट ऐकू येण्याशी मतलब होता. म्हणूनच या गायनात शब्दांचे उच्चार विलक्षण स्वच्छ आहेत, गिटार केवळ लय धरण्यापुरती आहे, आणि श्रोत्याला जिंकण्याची जी एक सूक्ष्म धडपड कोणत्याही मैफलीत गायकाच्या आवाजात शिरतेच, तिचा येथे मागमूस नाही. गाणे कसे उभे आहे, कोणत्या ओळीवर त्याचा भार आहे, कोणते कडवे अद्याप कच्चे आहे, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके त्याच वर्षांतल्या त्याच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांतही दिसत नाही. कवीच्या हस्तलिखिताची जी प्रतिष्ठा साहित्यात आहे, ती या फितींना द्यायला माझी हरकत नाही. फक्त हस्तलिखित म्हणजे कवीचे अंतःकरण असे कोणी म्हणू लागला तर त्याला थांबवले पाहिजे.

व्यापाराचा वारा न लागल्याची गोष्ट तर बोलायलाच नको. डिलनचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन याचा, आपण आणलेल्या गीतकारांच्या उत्पन्नात, विटमार्क पेढीकडून ठरलेला वाटा असे, आणि हाच ग्रॉसमन पीटर, पॉल अँड मेरी या लोकप्रिय त्रयीचाही व्यवस्थापक होता. त्या त्रयीने १९६३ च्या उन्हाळ्यात ‘ब्लोइन इन द विंड’ गायिले, ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, आणि ज्याचे नाव ग्रीनिच व्हिलेजच्या चार-दोन कॉफीगृहांपलीकडे फारसे पोहोचले नव्हते तो विशीतला मुलगा एकाएकी देशभर गीतकार म्हणून ओळखला जाऊ लागला. हा सारा मामला हिशेबी होता. यात मला यत्किंचितही कमीपणा वाटत नाही.

यापेक्षा थोडी मागची गोष्ट सांगायला हवी, कारण पहिल्या ध्वनिमुद्रिकेवाचून हा विषय अपुरा राहील. १९६१ च्या सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रॉबर्ट शेल्टनने लिहिलेल्या स्तुतिपर परीक्षणानंतर लवकरच कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंडने डिलनला करारबद्ध केले. बिली हॉलिडे आणि काउंट बेसी यांचे गुण ज्याने हेरले होते त्या हॅमंडच्या कानावर कंपनीचा विश्वास होता, तरी या निवडीला कचेरीतले लोक ‘हॅमंडचा खुळेपणा’ म्हणू लागले. २० आणि २२ नोव्हेंबर १९६१ या दोन दिवशी ध्वनिमुद्रण उरकले. खर्च सुमारे चारशे डॉलर झाला असे सांगतात. डिलन मायक्रोफोनपासून सतत इकडेतिकडे सरके, ‘प’ आणि ‘स’ या वर्णांचे फटकारे उडवी, आणि एकच गाणे लागोपाठ पुन्हा गाण्यास नकार देई, अशी हॅमंडची तक्रार होती. मार्च १९६२ मध्ये ती ध्वनिमुद्रिका निघाली, आणि पहिल्या वर्षात तिच्या जेमतेम पाच हजार प्रती खपल्या. तिच्यातील तेरा गाण्यांपैकी डिलनची स्वतःची अशी दोनच: ‘टॉकिन न्यूयॉर्क’ आणि ‘साँग टु वुडी’. उरलेली सारी पारंपरिक अथवा इतरांची.

ज्याला आपण गीतकार म्हणून ओळखतो, त्याचे पहिले पाऊल दुसऱ्यांच्या गाण्यांवर पडले, यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते त्या गाण्यांच्या निवडीत. विसाव्या वर्षी हा मुलगा मृत्यूची, थडग्याची, मरणशय्येवरच्या माणसाची गाणी गातो, तीही घोगऱ्या, दमलेल्या, जणू सत्तर उन्हाळे पाहिलेल्या आवाजात. हे सोंग होते. मराठी माणसाला सोंग म्हणजे लबाडी नव्हे हे सांगावे लागत नाही, लळितात आणि दशावतारात ज्याने सोंग घेतले त्याला तेवढ्यापुरता नमस्कारही केला जातो. परंतु ज्या आवाजाला आज प्रांजळपणाचा नमुना म्हणून पुढे केले जाते, तो आवाज प्रयत्नपूर्वक घेतलेले सोंग होता, हे विसरून कसे चालेल?

त्याच ध्वनिमुद्रिकेवरील ‘हाऊस ऑफ द रायझिंग सन’ची हकीकत प्रसिद्ध आहे. त्या पारंपरिक गीताची स्वररचना डिलनने त्याचा वडीलधारा मित्र डेव्ह व्हॅन राँक याच्याकडून उचलली, आणि परवानगी मागितली ती गाणे मुद्रित करून झाल्यावर. व्हॅन राँक ते स्वतः मुद्रित करण्याच्या बेतात होता. पुढे असे झाले की, व्हॅन राँकने ते गायिले म्हणजे लोक त्यालाच डिलनचे गाणे चोरल्याचा दोष देऊ लागले, तेव्हा त्याने ते गाणे सोडून दिले. आणि १९६४ साली ‘अॅनिमल्स’ या इंग्रज चमूने तेच गाणे विजेच्या गिटारवर जगभर गाजवल्यावर डिलनवरही तीच पाळी आली. ‘साँग टु वुडी’ची चाल ज्याच्या गौरवार्थ ते रचले त्या लोकगायक वुडी गथ्रीच्याच एका गाण्याची आहे, आणि ‘ब्लोइन इन द विंड’ची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गुलामांच्या गीतावरून आली, हे डिलनने पुढे स्वतः मान्य केले आहे. गथ्रीही काही वेगळे करीत नव्हता. त्याच्या सर्वांत विख्यात गीताची चाल कार्टर कुटुंबाच्या गाण्यावरून घेतलेली आहे.

लोकगीताच्या जगात हा अपराध नव्हे, ती रीतच आहे. किंबहुना आपल्या संगीत रंगभूमीने ही रीत अधिक सचोटीने पाळली, असे मला वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’च्या छापील प्रती उघडल्या तर पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा निर्देश करून मूळ पदाचा उल्लेख केलेला आढळतो, आणि त्यामुळे कर्त्याची प्रतिष्ठा उणावली असे कोणास कधी वाटले नाही. न्यूयॉर्कच्या पेढीच्या नमुन्यात मात्र अशा रकान्याची सोय नव्हती. तेथे शब्द आणि संगीत या दोहोंपुढे कर्त्याचे एक नाव लिहायचे असे, आणि शेकडो अनाम कंठांतून घडत आलेली चाल त्या एका नावावर रुजू होई. डिलनच्या प्रतिभेविषयी मला संशय नाही. शब्दांत त्याने जे केले ते त्याचेच आहे. परंतु या दप्तरी नोंदीने लोकांच्या मालमत्तेवर एकाचे नाव चढले, हेही त्याच फितींच्या इतिहासाचे एक कलम आहे. २०२० साली त्याने आपल्या सहाशेहून अधिक गाण्यांचे प्रकाशनहक्क युनिव्हर्सल कंपनीला विकले, त्या व्यवहाराची मुळे या लहान खोलीपर्यंत जातात.

आता विजेच्या गिटारीविषयी. हिबिंग या मिनेसोटातील लोहखाणींच्या गावी शाळेत असताना हा मुलगा पियानो बडवीत रॉक अँड रोल गात होता, आणि शाळेच्या वार्षिकात त्याची महत्त्वाकांक्षा लिट्ल रिचर्डच्या चमूत सामील होण्याची म्हणून छापलेली आहे. ओडेटा या गायिकेची ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर त्याने आपली विजेची गिटार दुकानात देऊन तिच्या बदल्यात साधी गिटार घेतली. म्हणजे साधेपणा हा त्याचा आरंभबिंदू नव्हता, तो त्याने अदलाबदलीत मिळवला होता. त्या साधेपणाच्या ऐन भरातही, १९६२ च्या डिसेंबरात, ‘मिक्स्ड अप कन्फ्यूजन’ हे त्याचे गाणे ढोल-गिटारांच्या संपूर्ण ताफ्यासह बाजारात आले होते, फक्त कोणी फारसे घेतले नाही. तेव्हा २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत मेळाव्यात त्याने विजेची गिटार हाती घेतली आणि श्रोत्यांतून आरडाओरडा झाला, त्या प्रसंगाला धर्मांतराचे स्वरूप देणाऱ्यांनी घराच्या मागच्या दारातून शिरून पुढच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाला वाट चुकलेला म्हटले, इतकेच.

तरीही त्या चार वर्षांत काहीतरी घडले, आणि ते ऐकायचे असेल तर कचेरीतल्या फितींना पर्याय नाही. लीड्ससाठी गायिलेल्या गाण्यांत गथ्रीच्या बोलण्याची लकब, त्याचे हेल, त्याचे ओळीच्या शेवटी शब्द टाकून देणे, सगळे जसेच्या तसे आहे. गथ्री तेव्हा रुग्णालयात हंटिंग्टनच्या असाध्य व्याधीने खिळला होता, आणि डिलन त्याला भेटायला जाऊन त्याचीच गाणी त्याला ऐकवीत असे. शिष्य गुरूची नक्कल करतो आहे, एवढेच येथे ऐकू येते. सुमारे पावणेदोन वर्षांनंतरच्या फितीत ‘द टाइम्स दे आर अ-चेंजिन’ तो गिटार बाजूला ठेवून पियानोवर गातो, आणि ते गाणे घोषणेसारखे ऐकू न येता प्रार्थनामंदिरातल्या स्तोत्रासारखे सावकाश, जड पावलांनी चालते. १९६४ च्या जून महिन्यातला ‘मिस्टर टॅम्बुरीन मॅन’ही पियानोवरच आहे. त्यात गथ्री कोठेही उरलेला नाही. चालीसुद्धा आता उसन्या वाटत नाहीत. पेढीकडे त्यानंतर फिती करायला तो फिरकला नाही, कारण त्याची गाणी दारोदार नेण्याची आता कोणाला गरज उरली नव्हती.

गथ्रीच्या बाबतीतही सुरुवातीची महत्त्वाची ध्वनिमुद्रणे दप्तरासाठीच झाली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९४० च्या मार्चमध्ये लोकगीतांचा संग्राहक अॅलन लोमॅक्स याने वॉशिंग्टनला नेऊन त्याच्याकडून तासन् तास गाणी आणि आठवणी मुद्रित करून घेतल्या, त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहासाठी. फरक एवढाच की ते दप्तर सार्वजनिक होते आणि विटमार्कचे खाजगी. पुढे १९४४ मध्ये मोझेस अॅशने गथ्रीची आणखी अनेक गाणी मुद्रित केली. अॅशच्या फोकवेज कंपनीचा सारा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १९८७ साली, स्मिथसोनियन संस्थेने घेतला तो एका अटीवर: दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिकांपैकी एकही, मग ती खपो वा न खपो, कधीही अनुपलब्ध होता कामा नये. हे कलम मला त्या व्यवहारातील कोणत्याही रकमेपेक्षा मोठे वाटते.

त्याच्या उलट दुसरे उदाहरण पाहा. युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेली, पण जे मुद्रण पन्नास वर्षांत प्रकाशितच झाले नाही त्याला हा वाढीव लाभ दिला नाही. डिलनची १९६२ मधली अप्रकाशित ध्वनिमुद्रणे त्यामुळे २०१२ अखेर सर्वांना मोकळी होणार होती. तेव्हा त्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने चार तबकड्यांचा एक संच काढला, त्याच्या नावातच हक्काची मुदत वाढवण्यासाठीचा संग्रह असे निलाजरेपणाने छापले, आणि जेमतेम शंभर प्रती युरोपातील मोजक्या दुकानांत ठेवल्या. प्रकाशनाची अट पुरी झाली आणि श्रोत्यांपर्यंत काहीही पोहोचू नये याचीही व्यवस्था झाली. पुढल्या वर्षी १९६३ च्या ध्वनिमुद्रणांचेही तसेच केले गेले. आता, संच निघाला नसता तर ती मुद्रणे तळघरातच राहिली असती, असे कंपनीच्या बाजूने म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु शंभर प्रतींना प्रकाशन म्हणणे म्हणजे गावाच्या वेशीवर मध्यरात्री दवंडी पिटण्यासारखे आहे.

डिलनच्या कागदपत्रांचा आणि फितींचा मोठा संग्रह २०१६ साली ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथील एका धर्मादाय प्रतिष्ठानाने व तेथील विद्यापीठाने विकत घेतला, आणि २०२२ च्या मे महिन्यात त्याचे केंद्र लोकांना खुले झाले; गथ्रीचे केंद्रही तेथून हाकेच्या अंतरावर आहे. अभ्यासकाला हे पुरेसे आहे. टल्सापर्यंत जाऊ न शकणाऱ्या श्रोत्याला मात्र ते पुरेसे नाही, आणि त्याचा विचार कायद्याने करायला हवा.

आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. या हिशेबाने डिलनची १९६२ ची ती पहिली ध्वनिमुद्रिका, म्हणजे तिचे मुद्रण, गीतांचे हक्क वगळता, आपल्याकडे २०२२ अखेर मोकळे झाले. आणि त्याच वर्षी गायिलेल्या, पण २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या कचेरीतल्या फिती मात्र २०७० पर्यंत बंदिस्त राहतील. जितका उशीर कराल तितका हक्क लांबेल, असे बक्षीसच हा हिशेब तळघराच्या मालकाला देतो. तीच तरतूद आपल्या शाहिरांच्या, कीर्तनकारांच्या, नाटकवाल्यांच्या न निघालेल्या ध्वनिमुद्रणांनाही लागू आहे. रवींद्रनाथांच्या वाङ्मयाची मुदत संपत आली म्हणून १९९२ साली ती पन्नासची साठ वर्षे केली गेली, त्याच वेळी ध्वनिमुद्रणांचीही दहा वर्षे वाढली. पण वाढीव काळात ते मुद्रण मागणाऱ्याला मिळालेच पाहिजे, अशी अट त्या दुरुस्तीत नव्हती. सक्तीच्या परवान्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु तिच्यासाठी मागणाऱ्यानेच दाद मागत फिरावे लागते. अॅशच्या करारातील ते कलम पुढील दुरुस्तीच्या मसुद्यात घालावे, आणि अप्रकाशित मुद्रणाची मुदत ते गायिले गेले त्या वर्षापासून मोजावी.